पट्टा म्हणतो ३८, कुत्रा उभा राहीना: श्वानपथकाच्या ताप-पट्ट्यांचा दर उन्हाळ्यातला घोळ

एप्रिल लागला की सकाळी दहानंतर माझा फोन वाजायला लागतो. पलीकडून ठरलेलं वाक्य येतं, "भाऊ, पट्टा बिघडला." मी विचारतो, कुत्रा कसा आहे? बहुतेक वेळा दोन सेकंद उत्तर येत नाही, कारण हँडलर, म्हणजे कुत्र्याला सांभाळून त्याच्याकडून काम करवून घेणारा माणूस, पट्ट्याच्या आकड्याकडे बघत असतो.

माझा धंदा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा. नागपूरच्या आसपासची गोदामं नि कारखाने सांभाळणाऱ्या एका खासगी श्वानपथकाचे पट्टे गेले तीन उन्हाळे माझ्याकडे येतात. गळ्यातला पट्टा किंवा छातीवरचा हार्नेस, त्यात तापमानाचा सेन्सर, काहींत नाडीचा आणि हालचालीचा. आकडे ब्लूटूथवरून हँडलरच्या फोनवर जातात. कुत्र्याला ऊन लागायच्या आधी कळावं म्हणून हा खटाटोप. कल्पना चांगली आहे. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या बहुतेक पट्ट्यांत सेन्सर ठणठणीत निघतो. बिघाड असतो तो सेन्सर आणि कातडी यांच्या मधल्या बोटभर जागेत, नाहीतर हँडलरच्या फोनमध्ये. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतोय.

तक्रारी कोणत्या येतात

- पट्ट्यावर आकडा ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे ठीक, बसलेला, कुत्रा मात्र लहालहा करतोय, भिंतीच्या कडेची वीतभर सावली शोधतोय. सगळ्यात धोक्याची तक्रार हीच.
- दुपारी बारा ते चार अलार्मवर अलार्म, आणि कुत्रा आपला गाढ झोपलेला.
- काम संपवून कुत्रा बसला आणि पाचेक मिनिटांनी अलार्म वाजला.
- नाडी आत्ता ९०, पुढच्या क्षणी २४०, पुन्हा ९०.
- आकडा थेट ८५, किंवा उणे १२७, किंवा उणे ४०.
- आलेखात मधेच भोकं. नाहीतर वीस मिनिटांपूर्वीचा आकडा आत्ताचा म्हणून समोर.
- पाणी मारलं की दोन मिनिटांत "सर्व सामान्य".
- जूनमध्ये पाऊस पडून हवा गार झाली, तरी अलार्म वाढले.

यातल्या दोन तक्रारी बिघाडाच्या नाहीतच. काम थांबल्यावर येणारा अलार्म बहुधा खरा असतो. स्नायूंत साठलेली उष्णता रक्तातून आत येत राहते, त्यामुळे कुत्रा बसल्यावरही काही मिनिटं आतलं तापमान चढतं. तो अलार्म खोटा समजून बंद करणारे हँडलर मी पाहिलेत. जूनचंही तसंच. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजाच्या गादीला थोडासा येतो तेवढाच. त्याचा कूलर म्हणजे जीभ आणि श्वासाची वाट. तिथलं पाणी उडालं तर तो थंड होतो. हवाच ओली असेल तर पाणी उडणार कुठून? आपल्याकडे मे महिन्यातल्या कोरड्या झळांत कूलर गारेगार हवा देतो आणि पहिल्या पावसानंतर तोच कूलर नुसती चिकचिक करतो. कुत्र्याच्या जिभेचं गणित तेच आहे. बंद खोलीत कूलर लावून कुत्रा ठेवत असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर तुम्ही त्याला वाफेच्या खोलीत बसवताय.

पट्ट्याला हात लावायच्या आधी

जिभेकडे बघा. तापलेल्या कुत्र्याची जीभ नुसती लांब होत नाही, टोकाला पळीसारखी रुंद होते नि कडा वर वळतात. डोळे बारीक होतात, गालांची कातडी मागे ओढली जाते, हिरड्या विटेसारख्या लाल दिसतात, लाळ चिकट होते. बोलावलं की लगेच वळत नाही, आवडीचा चेंडू तोंडातून सुटतो. इथवर आलं तर काम बंद, सावली, हार्नेस काढा, पाणी.

चाल लडखडली, उलटी झाली, शौचात रक्त दिसलं, कुत्रा आडवा झाला किंवा डोळे शून्यात लागले, तर हा लेख बाजूला ठेवा. अंगभर पाणी ओता आणि पंखा किंवा हवा लावा. तरुण, एरवी निरोगी कुत्र्याला टाक्यात बसवलं तरी चालतं, फक्त डोकं वर धरून. म्हातारा किंवा आधीच आजारी असेल तर पाणी ओतून वारा घालणं बरं. आधी थंड करा, मग गाडीत घाला. गाडीतही काचा उघड्या किंवा एसी चालू.

आपल्याकडच्या चार सवयी इथे मोडाव्या लागतात. ओलं गोणपाट अंगावर टाकून ठेवू नका. ते दोन मिनिटांत गरम होतं आणि खालची उष्णता कोंडतं. बर्फाचं पाणी घातलं तर झटका येतो म्हणून कोमट पाण्याची वाट बघत बसू नका, हाताशी असेल ते पाणी वापरा. शुद्ध हरपत चाललेल्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आणि माणसाची तापाची गोळी अजिबात नाही. हा जंतूंचा ताप नव्हे, गोळीने तो उतरत नाही, आणि पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कुत्र्याला विषासारखं बाधू शकतं.

मागून (गुदद्वारातून) घेतलेलं तापमान ३९.४ च्या आसपास आलं की पाणी थांबवा, नाहीतर ते खाली घसरत जातं. हा आकडा थर्मामीटरचा हवा, पट्ट्याचा नाही. पाणी पडल्या पडल्या पट्ट्याखालची कातडी थंड होते आणि ॲप हिरवं होतं. आत यकृत, मेंदू अजून शिजत असतात. "पाणी मारलं की सर्व सामान्य" ही तक्रार यातूनच येते.

कुत्रा ठीक आहे, शुद्धीवर आहे, पाणी पितोय, हे बघून झालं? आता पट्टा.

फोन: फुकटचं काम

सगळ्यात आधी हे करा, कारण यात स्क्रू फिरवावा लागत नाही. आकड्याखालची वेळ बघा. बरेच पट्टे संपर्क तुटला की आकडे पोटात साठवतात आणि पुन्हा जोडले की एकदम ओततात. तुम्हाला अलार्म ११:४० ला वाजतो, पण मोजणी ११:२० ची असते. वीस मिनिटांत कुत्र्याचं काय होऊ शकतं हे वर लिहिलंच आहे.

संपर्क तुटतो का? आपल्या अँड्रॉइड फोनमधली बॅटरी वाचवायची सोय खिशात ठेवलेलं ॲप झोपवून टाकते. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून वगळा आणि मागे चालू राहायची परवानगी द्या. आलेखातली भोकं निम्म्या वेळा इथेच बुजतात. फोन उन्हात तापला तर तोही हात टेकतो, तेव्हा मोटारसायकलच्या टाकीवरच्या होल्डरमध्ये ठेवू नका. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात आणि कुत्र्याचं अंग म्हणजे बरंचसं पाणी. पट्ट्याची सर्किट-बॅटरीची डबी डाव्या अंगाला आणि हँडलर उजवीकडे असेल तर वीस पावलांवरही आकडे अडतात. डबी हँडलरच्या बाजूला फिरवली की बरेचदा जमतं.

मग अलार्म वाजायची मर्यादा बघा. ॲप अपडेट झालं की ठेवलेली मर्यादा पुसून मूळची येते, हे मी दोनदा भोगलंय. सेल्सिअस-फॅरेनहाइटचा घोळही पाहिला. ॲपमध्ये १०३ भरलेले आणि एकक सेल्सिअस. असा पट्टा जन्मात वाजला नसता.

दोन बोटं

आता पट्टा. कुत्रा उभा असताना पट्ट्याखाली दोन बोटं सपाट शिरली पाहिजेत, तीन शिरली तर ढिला. बोटंच शिरेनात तर तो श्वासाला अडचण करतोय. तापलेल्या कुत्र्याची छाती अडवणं म्हणजे त्याचा कूलर बंद करणं, तेव्हा घट्ट करून आकडा सुधारायच्या फंदात पडू नका.

बोटं आत घातली आहेतच तर चाचपून बघा. मागच्या मे महिन्यात बुटीबोरीच्या एका गोदामावर गेलो होतो. लॅब्रॅडोर, पट्टा गेले आठ दिवस ३७.९ वर. हँडलर म्हणाला, "भाऊ, मशीनच बदलून द्या." हार्नेस काढला तर सेन्सरच्या चकतीखाली केस, धूळ आणि वाळलेली लाळ मिळून लिंबाएवढी गादी तयार झालेली. चकती कातडीला टेकतच नव्हती, त्या गादीचं तापमान मोजत होती. दातांच्या जुन्या ब्रशने आणि साध्या पाण्याने गादी काढली, केस विंचरले, पट्टा परत बांधला. दहा मिनिटांत आकडा सव्वा अंशाने वर आला. खर्च शून्य. गादीखालची कातडी लाल आणि ओलसर झालेली होती ती वेगळीच. पट्टा चोवीस तास बांधून ठेवल्याचं ते फळ. काम संपलं की पट्टा उतरवा.

जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडोरची लव दोन थरांची असते. आतली मऊ लव हवा धरून ठेवते, म्हणजे सेन्सरसाठी ती गोधडीच. कोपराच्या मागे, जिथे लव विरळ असते, तिथे चकती बसेल असा हार्नेस सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर रुपयाच्या नाण्याएवढी जागा डॉक्टरांकडून भादरून घ्या. उन्हाळा आहे म्हणून अख्खा कुत्रा भादरू नका, ती लव उन्हालाही अडवते.

नाडीच्या उड्यांचं उत्तरही इथेच आहे. मनगटी घड्याळासारखा हिरवा दिवा असलेला सेन्सर काळ्या, दाट लवेतून बघू शकत नाही. आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याचे श्वास मिनिटाला दोनशे-तीनशेपर्यंत जातात. छातीच्या त्या थरथरीलाच यंत्र नाडी समजतं. पडताळा सोपा आहे. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला, वर, बोटं टेका, पंधरा सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. तुमचा आकडा १३० आणि पट्टा २६० म्हणत असेल तर काम चालू असतानाच्या नाडीवर विसंबू नका, विसाव्यातली तेवढी बघा.

ऊन कुणाला लागतंय?

दुपारचे खोटे अलार्म. डबी काळी, पत्र्याचं शेड, तिरकं ऊन. पाठीवर बसणारी काळी डबी नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) बोट टेकवत नाही इतकी तापते आणि आतला सेन्सर कुत्र्याऐवजी डबीचं तापमान सांगतो. कुत्रा सावलीत नेऊन पंधरा मिनिटं थांबा. आकडा दोन-तीन अंश धाडकन उतरला तर तो उन्हाचा होता. आतलं तापमान इतक्या झरझर उतरत नाही. उपाय म्हणजे डबीवर पांढऱ्या सुती कापडाची पिशवी, किंवा डबी छातीच्या खाली सरकवणं. खाली सरकवलीत तर डांबर आणि काँक्रीटच्या झळा लागतात, हे ध्यानात असू द्या. हाताची पाठ रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याचे पंजेही तिथे टेकू नयेत.

अदलाबदल

माझ्या मते सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी वापरली जाणारी तपासणी. ज्या पट्ट्याची तक्रार आहे तो दुसऱ्या कुत्र्याला बांधा आणि त्याचा याला. दोघं सावलीत, अर्धा तास. गडबड पट्ट्यासोबत गेली तर पट्टा, कुत्र्यासोबत राहिली तर कुत्रा.

हे मी शिकलो ते चुकून. एक बेल्जियन मॅलिनॉय होती, तीन वर्षांची, पथकातली सगळ्यात चपळ. तिचा पट्टा पहाटे सहालाही ३९.९ दाखवायचा. पहाटे सहाला ऊन कुठलं? मी सेन्सर बदलला. वायर बदलली. तिसऱ्या दिवशी वैतागून दुसऱ्या कुत्र्याचा पट्टा तिला बांधला, तर तो म्हणाला ४०. आणि तिचा "बिघडलेला" पट्टा दुसऱ्या कुत्र्यावर निमूट ३८.४. मग हँडलरने आठवून सांगितलं की ती दोन दिवस अर्धं खाणं टाकत होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं, गोचिडांमुळे होणारा ताप निघाला. पट्टा बिचारा तीन दिवस खरं बोलत होता आणि मी त्याचंच पोट फाडत होतो. तेव्हापासून स्क्रू ड्रायव्हर काढायच्या आधी अदलाबदल.

थर्मामीटर

इथे पहिला खर्च, औषधांच्या दुकानातला साधा डिजिटल थर्मामीटर. लवचीक टोकाचा घ्या, त्यावर कुत्र्याचं नाव लिहा, व्हॅसलिन लावा आणि मागून ताप घ्या. २०२० साली घेतलेली ती कपाळावर रोखायची बंदूक सगळ्यांच्या कपाटात आहे, पण ती इथे निरुपयोगी. ती लवेचं तापमान मोजते.

विसाव्यातल्या निरोगी कुत्र्याचं मागून घेतलेलं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२. तीन दिवस, सकाळी विसाव्यात आणि काम संपल्यावर, थर्मामीटर आणि पट्टा दोन्ही आकडे वहीत लिहा. बाहेरून कातडीचं मोजणारा पट्टा आतल्यापेक्षा कमीच दाखवणार, तो त्याचा दोष नाही. फरक रोज सारखा आहे का, एवढंच बघायचं. रोज १.२ ने कमी असेल तर पट्टा विश्वासू आहे, मर्यादा तेवढी खाली आणा. आज ०.४ आणि उद्या २.१ असेल तर पुन्हा दोन बोटांपाशी जा.

मर्यादा किती ठेवायची, हा प्रश्न मला सगळे विचारतात आणि एक आकडा सगळ्यांनाच हवा असतो. तसा आकडा नाही. जोर लावून काम करणारा तयार कुत्रा ४१ च्या वर जाऊनही शेपटी हलवत परततो. दुसरा ४०.५ ला लडखडतो आणि त्याला ऊन लागलेलं असतं. म्हणून प्रत्येक कुत्र्याची मर्यादा त्याच्या स्वतःच्या वहीतून काढा. आणि आकड्याइतकंच त्याच्या चालीकडे बघा. दहा मिनिटांत किती चढला, सावलीत बसल्यावर उतरायला किती वेळ घेतला? काल पंधरा मिनिटांत उतरणारा आज अर्ध्या तासात उतरत नसेल तर उद्या त्याला सुट्टी. थंड भागातून नवा आलेला कुत्रा असेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांचे आकडे पक्के धरू नका. तेवढ्यात शरीर उन्हाला थोडंफार सरावतं, पुरतं सरावायला दोन महिनेही लागतात.

सांगायचं राहिलं, थंड करायची एक युक्ती. अमेरिकेत फिलाडेल्फियातल्या पेन व्हेट वर्किंग डॉग सेंटरच्या (कामाच्या कुत्र्यांवर अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या) संशोधकांनी २०२४ मध्ये दाखवलं की व्यायामाने तापलेल्या कुत्र्याने आपणहून पाण्यात डोकं बुडवलं तर आतलं तापमान झपाट्याने उतरतं. खाऊ किंवा खेळणं पाण्यात टाकून हे शिकवता येतं. आमच्या पथकातल्या दोन कुत्र्यांना आता घमेल्याचा इतका नाद लागलाय की ड्यूटी संपली की आधी घमेलं. हे फक्त शुद्धीवर असलेल्या, नुसत्या दमलेल्या कुत्र्यासाठी. लडखडणाऱ्याचं डोकं धरून कुणी पाण्यात दाबू नये.

बाटलीचा कुत्रा

इथून पुढे थोडा हात चालणाऱ्यांसाठी. दोन लिटरच्या बाटलीत ३९ अंशाचं पाणी भरा, बाहेरून जुन्या घोंगडीचा तुकडा गुंडाळा, त्यावर पट्टा बांधा. झाला कुत्रा, हलत नाही नि चावत नाही. वीस मिनिटं सावलीत, वीस मिनिटं उन्हात, मधेमधे बाटलीतल्या पाण्याचं तापमान. पाणी तेवढंच आणि पट्टा उन्हात चढला तर डबीचा दोष पक्का झाला. सावलीतही आकडा नाचत असेल तर आत काहीतरी सैल आहे.

सेन्सरच तपासायचा तर थर्मास घ्या. ३७, ३९ आणि ४१ अंशांचं पाणी आळीपाळीने. सेन्सर पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थर्मामीटरशेजारी बुडवा, दर वेळी दहा मिनिटं थांबा. घाई केली तर पिशवीतल्या हवेचं तापमान मिळतं. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच आला तर ॲपमध्ये दुरुस्तीचा आकडा भरा आणि विसरा. ३७ ला बरोबर आणि ४१ ला दीड अंश कमी असेल तर सेन्सर बदला, कारण चुकतोय तो नेमक्या धोक्याच्या जागी. स्वस्त पट्ट्यांत सर्रास असणारा डीएस१८बी२० हा सेन्सर मुळातच अर्धा अंश इकडेतिकडे चालतो. त्यामुळे ०.३ च्या फरकावरून भांडू नका.

चार्जिंग आणि तारा

"काल दुपारभर चार्ज केला, आज दहाला बंद पडला." कुठे चार्ज केला? गाडीच्या डॅशबोर्डवर. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, चांगल्या सर्किटमध्ये तिथे चार्जिंग आपोआप थांबतं. उन्हात उभ्या गाडीत ४५ म्हणजे काहीच नाही. घरात, पंख्याखाली चार्ज करा. डबी फुगलेली दिसली, झाकण उचललं गेलं, तर चार्ज करू नका, टोचू नका, कुत्र्यावर तर अजिबात बांधू नका.

चार्जिंगच्या पिनांवर हिरवट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रश, मग पूर्ण वाळवणं. लाळ आणि पाण्याने तो येतोच. डबीवर आयपी६७ लिहिलं असेल तर अर्थ एवढाच की एक मीटर खोल, स्थिर पाण्यात अर्धा तास तग धरेल. गाडी धुवायच्या पाइपचा फवारा हे स्थिर पाणी नव्हे.

विचित्र आकड्यांचं कोडं सोपं आहे. डीएस१८बी२० वीज मिळाल्यावर पहिला आकडा ८५ धरून बसतो. मोजणीला पाऊण सेकंद लागतो, तेवढ्यात वीज डळमळली की तेच ८५ बाहेर येतं. म्हणजे बॅटरी दमलेली किंवा जोड सैल. उणे १२७ म्हणजे सेन्सरचं उत्तरच आलं नाही, तार तुटली. ४.७ किलोओहमचा रेझिस्टर उखडला असला तरी हेच. उणे ४० सारखा आकडा थर्मिस्टरच्या (तापमानानुसार विद्युतरोध बदलणाऱ्या सेन्सरच्या) पट्ट्यात येतो, तिथेही तुटलेली तार. मल्टिमीटर लावा. नेहमीचा १० किलोओहमचा थर्मिस्टर २५ अंशांना दहा दाखवतो, ३८ च्या आसपास पावणेसहा. चिमटीत धरला की आकडा हळूहळू उतरला पाहिजे. मग तार हलवत जा. तुटते ती नेहमी वळणावर, हार्नेसच्या बकलपाशी. तिथे सोल्डरचा डाग देऊन वर श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा आणि तारेला थोडी ढील ठेवा, नाहीतर पंधरा दिवसांत पुन्हा तिथेच.

कुठे थांबायचं

सीलबंद डबी उघडू नका. एकदा उघडली की पाणी रोखायची तिची ताकद गेली, वॉरंटीही गेली. थर्मासच्या चाचणीत नापास झालेला सीलबंद सेन्सर, फुगलेली बॅटरी, अपडेटनंतर मर्यादा धरून न ठेवणारं ॲप, हे सगळं बनवणाऱ्याकडे परत. त्या दिवसांत कुत्रा पट्ट्याशिवाय काम करेल. म्हणजे काम सकाळी आठच्या आत, आणि दर पंधरा मिनिटांनी जीभ बघायची.

आणि पुढल्यापैकी काहीही झालं तर माझ्याकडे नाही, पशुवैद्यकाकडे जा. अदलाबदलीत गडबड कुत्र्यासोबत राहिली. सावलीत, विसाव्यात, दोन वेळा तापमान ३९.५ च्या वर आलं. श्वास घेताना घशातून करवतीसारखा आवाज येतोय, वयस्क लॅब्रॅडोरमध्ये हे विशेष बघा, स्वरयंत्र नीट उघडत नसेल तर तो थोड्या उन्हानेही आडवा होतो. किंवा कुत्रा एकदा लडखडला, पाणी ओतल्यावर उठला आणि आता "ठणठणीत" आहे. या शेवटच्याला लोक घरी ठेवतात. ठेवू नका. मूत्रपिंडं आणि रक्त गोठण्याची यंत्रणा यांना बसलेला मार एक ते तीन दिवसांनीही वर येतो.

फोनवर डॉक्टरांना हे सांगा: काम किती वाजता सुरू झालं, कुत्रा किती वाजता लडखडला, मागून घेतलेलं तापमान किती आणि कधीचं, किती मिनिटं पाणी ओतलं, वजन किती, उलटी किंवा जुलाब झाले का. पट्ट्याच्या आलेखाचा स्क्रीनशॉट पाठवा, चुकीचा वाटला तरी. आणि लघवी चहाच्या रंगाची दिसली असेल तर सगळ्यात आधी ते सांगा.